वरच्या पट्टीत भरतीची वेळ: ग्नोम शेलचं छोटं एक्स्टेंशन

ग्नोम शेलच्या, म्हणजे लिनक्सवरच्या ग्नोम डेस्कटॉपच्या, वरच्या पट्टीत पुढची भरती किती वाजता ते दिसलं, तर रत्नागिरी-मालवणकडे ते हवामानाच्या चित्रापेक्षा जास्त कामाचं. एक्स्टेंशनला, म्हणजे शेलला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमला, फाइली दोनच लागतात: मेटाडेटा.जेसन आणि एक्स्टेंशन.जेएस. फोल्डरचं नाव मेटाडेटातल्या यूयूआयडीशी (एक्स्टेंशनच्या ओळखनावाशी) अक्षर न् अक्षर जुळायला हवं, नाहीतर शेल एक्स्टेंशन उचलतच नाही. सप्टेंबर 2023 मधल्या ग्नोम 45 पासून इम्पोर्टची, म्हणजे दुसरी मॉड्यूल कोडमध्ये आणण्याची, पद्धत बदलली. त्याआधीची उदाहरणं जशीच्या तशी चालत नाहीत.

पट्टीवरचं बटण शेलच्या पॅनलमेनू मॉड्यूलचं, अक्षरं एसटी.लेबलची. एसटी ही शेलची स्वतःची टूलकिट, म्हणजे बटणं-अक्षरं दाखवणारा कोडसंच. एक्स्टेंशन.जेएसमध्ये जीटीके ही ग्नोम अॅप्सची टूलकिट आणू नका, ती सेटिंग्जच्या प्रेफ्स.जेएसपुरती.

वेळेचं जुनं गणित तिथीच्या पाऊणपटीचं: चतुर्थीला 4 ची पाऊणपट 3, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. चाचणीपुरतं हे पुरे. होडी काढायची असेल तर मात्र भारतीय सर्वेक्षण विभागाच्या तक्त्यातले आकडे सीएसव्ही फाइलीत भरा, आणि प्रत्येक वेळेपुढे पूर्ण तारीख लिहा. दोन भरत्यांत साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, त्यामुळे एखाद्या दिवशी भरती एकदाच येते. 'रोज दोन ओळी' धरून लिहिलेला कोड तिथेच चुकतो. फाइल असिंक पद्धतीनेच, म्हणजे बाकीचं काम न अडवता, वाचा. खिडक्या रंगवणारा मटर आणि तुमचा कोड एकाच प्रोसेसमध्ये असतात. वाचन रेंगाळलं की सगळा डेस्कटॉप थिजतो.

लेबल दर 60 सेकंदांनी बदलायला जीलिब या ग्नोमच्या पायाभूत लायब्ररीचा टायमर लावा. उरलेली मिनिटं एकेक वजा करत बसू नका, दर वेळी घड्याळावरून नव्याने काढा. लॅपटॉप झोपला की टायमरही थांबतो.

खरी काळजी डिसेबलमध्ये, म्हणजे एक्स्टेंशन बंद होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, घ्यायची. स्क्रीन लॉक झाली की शेल एरवी डिसेबल बोलावतं आणि उघडली की पुन्हा एनेबल, म्हणजे चालू करणारं फंक्शन. टायमर काढला नसेल तर प्रत्येक लॉकनंतर एक जादा टायमर साचतो, आणि जुना टायमर नष्ट झालेल्या लेबलाला हात लावून लॉगमध्ये 'ऑलरेडी डिस्पोज्ड'च्या ओळी ओततो. बटणच डिस्ट्रॉय करायचं राहिलं तर पुढच्या एनेबलला 'एक्स्टेंशन पॉइंट कॉन्फ्लिक्ट' येतं आणि एक्स्टेंशन बंद पडतं. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी टायमर काढा, मग बटण डिस्ट्रॉय, मग दोन्ही व्हेरिएबल नल. फाइलीचं वाचन तोवर अर्धवट असू शकतं. उत्तर आल्यावर बटण अजून आहे का, हे तपासूनच लेबलात लिहा.

वेलँडवर, म्हणजे लिनक्सच्या नव्या डिस्प्ले पद्धतीवर, शेल चालू सेशनमध्ये रीस्टार्ट होत नाही, त्यामुळे बदललेला कोड बघायला एकतर लॉगआउट किंवा खिडकीतलं दुसरं शेल. ग्नोम 48 पर्यंत त्याला नेस्टेड पर्याय होता, 49 पासून डेव्हकिट. शेजारच्या टर्मिनलात लॉग दाखवणारी जर्नलसीटीएल कमांड चालू ठेवा आणि एक्स्टेंशन दहा वेळा बंद-चालू करा. लॉगमध्ये एकही नवी ओळ आली नाही, तरच ते रोजच्या मशीनवर चढवा.