चहाच्या चोथ्याने पाण्यातलं लोह शोधताना

एमएस्सीच्या प्रोजेक्टचा विषय ठरवायला आठ दिवस मिळाले होते. त्यातले सहा मी कॉलेजजवळच्या अमृततुल्यात बसून घालवले आणि विषयही तिथेच सापडला. काकांनी पितळी पातेल्यावर धरलेलं फडकं पिळलं, आतला गोळा बादलीत आपटला, आणि मला आदल्या दिवशी वाचलेलं आठवलं : संत्र्याची साल, कांद्याची टरफलं, उसाचं चिपाड, असल्या कचऱ्यापासून कार्बन डॉट्स करतात. चोथ्यापासूनही होतात.

हे डॉट्स म्हणजे साधारण दहा नॅनोमीटरपेक्षाही लहान असे कार्बनचे कण. २००४ साली अमेरिकेत कार्बन नॅनोट्यूब शुद्ध करताना ते योगायोगाने हाती लागले. अतिनील दिवा मारला की ते चमकतात, आणि पाण्यात काही विशिष्ट धातू असले की त्यांची चमक मंदावते. ती किती मंदावली, यावरून धातू किती ते काढायचं. असेच चमकणारे दुसरे नॅनोकण म्हणजे क्वांटम डॉट्स. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांच्यावरच्या कामाला मिळालं, पण त्यातल्या बऱ्याच प्रकारांत कॅडमियम असतं. पाण्यातलं विष शोधायला कॅडमियम वापरायचं हे मला पटत नव्हतं. चोथा बरा.

"चोथा पाहिजे काका, रोजचा."

"गुलाबाला का? ने की. पण साखर असते, मुंग्या लागतील."

"प्रयोगाला हवाय."

"चहाचा कसला प्रयोग? पिऊन बघ, झाला प्रयोग!"

तर तो चोथा नुसत्या चहाचा नव्हताच. दूध, साखर, आल्याच्या दोऱ्या, वेलदोड्याची सालं. प्रोजेक्टच्या गाईड मॅडम म्हणाल्या, दुधातल्या प्रथिनांमधून नायट्रोजन मिळेल, त्याने चमक वाढते, पण स्निग्धांश काढ. मग उकळत्या पाण्याने सहा-सात वेळा धुणं, ओव्हनमध्ये वाळवणं, मिक्सरमधून काढणं. आईने घरचा मिक्सर द्यायला साफ नकार दिला. लॅबचा खलबत्ता वापरला.

पुढची कृती कागदावर सोपी आहे. दोन ग्रॅम पूड, साठ मिली डिस्टिल्ड पाणी, टेफ्लॉनचं भांडं, त्यावर स्टीलचं कवच आवळायचं आणि ओव्हनमध्ये ठेवायचं. भांडं गळ्यापर्यंत भरायचं नाही, आत वाफेचा दाब होतो. आमचा ओव्हन मात्र लहरी. २०० अंशांना लावला तरी दीडशेच्या पुढे चढेना. मी चार तासांनी बंद केला, रात्रभर थंड होऊ दिला आणि सकाळी उघडला. करपलेल्या काकवीसारखा वास आणि कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी. गाळून त्यावर ३६५ नॅनोमीटरचा टॉर्च मारला, आणि बाटली निळी पेटली! मी तिथल्या तिथे फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकले. डीपी पण तोच.

मला पारा शोधायचा होता. नाव भारदस्त वाटतं. मॅडमनी फळ्यावर हिशेब मांडला : पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, पाऱ्याची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम, म्हणजे रेणूंच्या मोजमापात साधारण ५ नॅनोमोलर. माझ्या डॉट्सना जेमतेम ५०० नॅनोमोलर कळत होता. मर्यादेच्या शंभर पट पारा पाण्यात पडेपर्यंत माझा सेन्सर गप्प बसणार. "लोह घे," त्या म्हणाल्या. घेतलं.

फेरिक क्लोराइडचे दोन थेंब टाकले आणि चमक गेली. निकाल एकदम फक्कड. फक्त दिवा बंद केल्यावर लक्षात आलं की परीक्षानळीतलं पाणीच काळपट निळं झालंय, शाई कालवल्यासारखं.

तो रंग मला कळेना. घरी जेवताना सांगितलं तर आई म्हणाली, "अगं, लोखंडी कढईत आवळा शिजवला तर काळा पडतो, तसंच असेल. चहा काय, आवळा काय, तुरट ते तुरट." झालं. जुने रंगारी हिरडा आणि हिराकस एकत्र करून काळा रंग काढायचे ते याच तत्त्वावर : तुरट टॅनिन आणि लोह. माझ्या अर्ध्याकच्च्या शिजवणीत टॅनिन तसंच उरलं होतं. चमक डॉट्समुळे मंदावली की शाईने प्रकाश अडवला, हे सांगता येण्याची सोयच नव्हती.

इथून खरं काम सुरू झालं. ओव्हनमध्ये वेगळा थर्मामीटर ठेवून २०० अंश गाठले, आठ तास ठेवलं. मग ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर. मग डायलिसिस : एक हजार डाल्टनच्या, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या पिशवीत द्रव भरायचा, दोन्ही टोकांना चिमटे लावायचे, मोठ्या बीकरमध्ये सोडायचा आणि पाणी बदलत राहायचं. लहान रेणू बाहेर जातात, डॉट्स आत राहतात. सहा तासांनी बाहेरच्या पाण्यावर सहज टॉर्च मारला तर तेही निळं, आतल्यापेक्षा तसूभरही कमी नाही. म्हणजे डीपीतली चमक निम्मी तरी डॉट्सची नव्हतीच, लहानसहान रेणूंची होती. डीपी बदलला.

तीन दिवस पाणी बदललं. आत उरलेला द्रव फिकट, चमक आधीपेक्षा कमी, पण लोह टाकलं की पाणी काळं पडत नव्हतं आणि चमक मात्र टप्प्याटप्प्याने उतरत होती. तांबं थोडं लुडबुडायचं. जस्त, कॅल्शियम, मॅग्नेशियम नाही. लोह स्वतःही दिव्याचा काही प्रकाश गिळतं, त्याची दुरुस्ती प्रत्येक रीडिंगला करावी लागली. ती न करता काढलेला आलेख जास्त देखणा होता, हे कबूल.

मग पुण्याची मुठा नदी. एक बाटली खडकवासला धरणाची, एक शहरातल्या भिडे पुलाखालची, एक मुळा-मुठा संगमाची. संगमाला उतरताना पाय घोट्यापर्यंत गाळात गेला आणि तो वास दोन दिवस चपलांना होता. लॅबमध्ये डॉट्स घालण्याआधी ब्लँक म्हणून नुसत्या पाण्यावर टॉर्च मारला. खडकवासला अंधारात. संगम मात्र आपणहून निळसर! मी आधी बाटली नीट धुतली नाही म्हणून स्वतःला शिव्या घातल्या. मॅडमनी माझ्या ॲप्रनच्या बाहीवर टॉर्च धरला, तीही निळी. कपडे पांढरे दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत जी चमकद्रव्यं घालतात, ती सांडपाण्याबरोबर नदीत येतात. सांडपाणी मिसळलंय का हे ओळखायला लोक नेमकी तीच चमक वापरतात. काही उजेड कुजक्या पाल्यापाचोळ्याचाही असतो.

थोडक्यात, मी सेन्सर घेऊन गेले आणि नदीने आधीच दिवा लावून ठेवला होता.

पाणी दहा पट पातळ केलं, त्याची स्वतःची चमक वजा केली. लोह साध्या पाण्यात गंजासारखं खाली बसतं, म्हणून आम्ल घातलं. मग ठरावीक लोह मुद्दाम मिसळून ते परत किती सापडतं ते पाहिलं. खडकवासल्याच्या पाण्यात ९६ टक्के. भिडे पुलाच्या ८३. संगमाच्या ६१.

सहा वेळा करून ६१ च्या आसपासच. वर्गातला एक मित्र म्हणाला, संगमाचा नमुना सोडून दे, दोन पुरेत. मी रात्रभर विचार केला, खोटं का सांगू. सकाळी मॅडमना विचारलं तर त्यांनी मान वर न करता सांगितलं, "तक्त्यात जसं आहे तसं छाप. आणि फिनॅन्थ्रोलिनने पडताळ."

आम्ल घालून उकळून, लोहाबरोबर रंग धरणाऱ्या फिनॅन्थ्रोलिनच्या जुन्या पद्धतीने तेच पाणी तपासलं. नारिंगी रंग आला आणि मिसळलेलं लोह जवळजवळ सगळं हजर.

व्हायवाला बाहेरच्या सरांनी बाकी पानं उलटलीच नाहीत, थेट तक्त्यावर बोट ठेवलं. "उरलेलं ३९ टक्के कुठे गेलं?"

"पाण्यातच होतं सर. मैला आणि पाल्यापाचोळ्यातल्या संयुगांनी धरून ठेवलं होतं, डॉट्सना मिळालं नाही. उकळल्यावर सुटलं."

"धरून ठेवलं म्हणजे कसं?"

मी आवळ्याच्या कढईपासून सुरुवात केली.