जुना मर्तबान घेताना: माझा अनुभव

सिंगापूरला आल्यावर मला मर्तबानांचं, म्हणजे या साठवणीच्या मोठ्या मातीच्या रांजणांचं वेड लागलं ते इथल्या एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियममुळे. तिथे इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ १९९८ला सापडलेल्या नवव्या शतकातल्या जहाजाचा माल आहे, मोठमोठे हिरवट रांजण आणि त्यांच्या पोटात चीनमधल्या चांग्शाचे वाडगे गोल रचून भरलेले, म्हणजे रांजण हाच पॅकिंगचा खोका. बघून वाटलं आपल्याकडे एक तरी पाहिजेच.

दुकानात सगळे आधी अंगावर ड्रॅगन असलेला रांजण दाखवतात. बोर्निओत दायाक लोकांच्या घरात हे पिढ्यानपिढ्या जपलेले असतात, लग्नात आणि दंड म्हणूनही दिले जायचे, त्यामुळे भाव चढा. आणि बोर्निओतल्याच सिंगकावांगला तसलेच विसाव्या शतकातही बनत होते, तेव्हा नवा जुना म्हणून गळ्यात पडायची भीती. शिवाय मला ते जरा भडकच वाटतात. मग मी साधा काळपट तपकिरी, चार कानांचा (खांद्यावर चार कड्या असलेला) थाई शोधायला लागले, अयुथयाच्या उत्तरेला सिंगबुरीकडे मेनाम नॉईच्या भट्ट्या होत्या तिथला. १६००ला मनिलाजवळ बुडालेल्या सान दिएगो या स्पॅनिश जहाजातही हे निघालेत, साध्या सामानाचे रांजण हो, शोभेचे नाहीत.

एक पसंत पडला. आधी आडवा करून बूड बघितलं, तिथे ग्लेझ (काचेसारखा चकचकीत लेप) नसतो, झीज सगळीकडे सारखी नव्हती हे बरं वाटलं, कारण पॉलिश पेपरने घासलेलं बूड एकसारखं दिसतं. मग आत हात घालून चाकावरच्या वळ्या चाचपल्या, टिचकी मारली तर खणखणीत वाजला, म्हणजे मोठा तडा नसावा. शेवटी दुकानातला दिवा बंद करायला लावून यूव्ही टॉर्च मारला आणि एक कान वेगळाच चमकला! नंतर चिकटवून रंगवलेला. दुकानदार अंकल आधी म्हणाले ओरिजिनल आहे, मग म्हणाले अगं एवढं तर चालतंच.

चालतं की, पण भाव खाली यायला हवा ना. थर्मोल्युमिनेसन्स टेस्टचाही विचार केला, त्यात भोक पाडून चिमूटभर माती घेतात आणि शेवटचा कधी भाजला होता त्याचा अंदाज देतात, पण खर्च बघता या मर्तबानाला ते परवडणारं नव्हतं. त्याऐवजी बिलावर देश, अंदाजे काळ आणि "एक कान दुरुस्त केलेला" असं लिहून घेतलं. ते लिहायला अंकल तयार झाले तेव्हाच पैसे काढले.