पोचा न पडलेलं विमान

जुलैची रात्र होती आणि पाऊस असा, की बेवरचे, म्हणजे विमान उभं करायच्या जागेवरचे, दिवेसुद्धा पुसट दिसत होते. दोनच्या सुमाराला युरोपला निघायचं ड्रीमलायनर, म्हणजे बोइंग 787. पाहणी उरकून मी लॉगबुकात विमान उडायला ठीक असल्याची सही करायच्या बेतात होतो, तेवढ्यात केटरिंगच्या हायलिफ्टचा, म्हणजे जेवण विमानाच्या दारापर्यंत उचलून देणाऱ्या ट्रकचा, ड्रायव्हर समोर येऊन उभा राहिला. चोविशीतला पोरगा, टोपीवरून पाणी गळतंय.

"साहेब, मघाशी गाडी जरा घसरली. मागच्या दाराखाली टेकली. काही झालेलं नाही, मी बघितलं. पण सांगून ठेवतो."

'टेकली' म्हणजे किती, हे बेवर आजवर कुणी मला धड सांगितलेलं नाही. टॉर्च घेऊन उजव्या बाजूला गेलो. रंगावर बोटभर काळा डाग, बंपरच्या रबराचा. फडक्याने पुसला तर गेला. खाली पोचा नाही, ओरखडा नाही. तळहात फिरवला, काचेसारखं गुळगुळीत.

माझी निम्मी नोकरी ॲल्युमिनियमच्या विमानांवर गेली. त्यांचं गणित घरच्या तांब्यासारखं: आपटला की पोचा पडतो, तो मोजायचा आणि मॅन्युअलमधली मर्यादा बघायची. कार्बन फायबरचं तसं नाही. राळेने चिकटवलेले थरावर थर असतात. धक्का बसला की बाहेरचा थर दबतो आणि पुन्हा होता तसा होतो, आतले थर मात्र एकमेकांपासून सुटतात. या विमानाच्या वजनातला साधारण निम्मा वाटा अशाच कंपोझिटचा. बोइंगच्याच आधीच्या 777 मध्ये तो जेमतेम 12 टक्के होता. हलकं अंग, लांब निमुळते पंख आणि नवी इंजिनं, म्हणून बोइंगच्या हिशेबाने 767 पेक्षा सुमारे 20 टक्के कमी इंधन. शिवाय कवच मजबूत म्हणून केबिनमधली हवा 8,000 ऐवजी 6,000 फुटांवरच्या हवेइतकी दाट ठेवता येते. प्रवाशांना बरं वाटतं, पण तो जास्तीचा दाब कवचाने झेलायचा असतो. आणि आत्ता त्याच कवचाला ट्रक लागला होता.

सवयीने खिशातून नाणं काढून ठोकलं. लहानपणी आई धारावीच्या कुंभारवाड्यात माठ घ्यायची, तो बोटाच्या पेराने वाजवून. बद वाजला की परत. इथे वरपासून खालपर्यंत खणखणीत! पोराच्या जिवात जीव आला. माझ्या नाही. नाण्याचा भरवसा पातळ पत्र्यासारख्या थरांवर, आत मधाच्या पोळ्यासारखा गाभा असलेल्या भागांवर धरायचा. धडाचं कवच भरीव, दारांभोवती तर मुद्दाम आणखी जाड केलेलं. तिथे नाणं काय सांगणार?

ड्यूटी मॅनेजर छत्री सावरत आले. "अहो, दिसत काही नाही, वाजतंयही चांगलं, मग अडलंय कुठे?" वर गेटवर दोनशेच्या वर माणसं खोळंबली होती, त्यांच्या जागी मीही हेच विचारलं असतं. सही केली नाही, एवढंच.

एनडीटीवाला, म्हणजे काही न उघडता-तोडता आतली तपासणी करणारा, आला. दाराखालचा भाग कोरडा करून जेल लावलं, प्रोब फिरवायला लागला. आवाजाची लहर कवचात शिरते, आतल्या पृष्ठभागावर आपटून परत येते. मध्येच थर सुटलेला असला तर ती लवकर परतते. पहिले काही इंच सगळं सुरळीत. मग स्क्रीनवरची रेघ अलीकडे सरकली. तो काही बोलला नाही, मार्करने ठिपके देत गेला. ठिपके जोडल्यावर तळहाताएवढा आकार झाला. मॅन्युअलच्या मर्यादेबाहेर. विमान जागेवरच राहिलं, प्रवासी हॉटेलांत गेले.

पोरगा तिथेच भिजत उभा होता. हळूच म्हणाला, "साहेब, तो डाग मीच आधी पुसला असता तर?"

मला उत्तर सुचलं नाही. रिपोर्टात पहिलंच वाक्य लिहिलं: 'ड्रायव्हरने स्वतःहून कळवले.'

त्याच्या कंपनीने त्याला पंधरा दिवस घरी बसवलं. मी त्यांच्या सुपरवायझरला दोनदा फोन केला. "नियम आहे साहेब," एवढंच.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका विमानाच्या दाराखाली मला तसाच काळा डाग दिसला. अर्धवट पुसलेला. सांगायला कोणी आलं नव्हतं.