गाडी चोरीला गेल्यापासून ‘अ समरी’ हातात येईपर्यंत

गाडी चोरीला गेली की भेटेल तो विचारतो, “सापडेल का हो?” घरात ज्याच्यावर धावपळ पडते त्याला मात्र वेगळंच कळायला हवं असतं. आधी कुठे जायचं, कुठला कागद कुणाकडून घ्यायचा, विम्याचे पैसे नेमके कशावर अडतात. आम्हाला हे एकेका टेबलासमोर उभं राहून समजत गेलं. दुसऱ्या कुणाला ते आधी कळावं म्हणून सविस्तर लिहिते आहे.

गाडी बाबांच्या नावावर होती. डिझेल एसयूव्ही, बँकेचं कर्ज चालू. पिंपळे सौदागरला आमच्या सोसायटीच्या तळघरात गळतीचं काम निघालं होतं, त्यामुळे सगळ्यांच्याच गाड्या बाहेर रस्त्याला लागत होत्या. सकाळी बाबा खाली गेले तर गाडीच्या जागी डांबरावर काचेचे बारीक चौकोनी दाणे पडलेले, एका ओळीत, मागच्या दाराखाली पडावेत तसे. वाहतूक शाखेने उचलून नेली नाही ना, एवढी चौकशी करून आम्ही ११२ ला फोन लावला.

समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात सगळं दिसलं. पहाटे एक पांढरी गाडी शेजारी येऊन थांबते. टोपी घातलेला एक जण उतरतो, मागच्या दाराची छोटी तिकोनी काच फोडतो, हात घालून दार उघडतो. हॉर्नचा आवाज चित्रीकरणात नाही, पण पार्किंग लाइट दोनदा लागून विझतात आणि तो बॉनेटखाली काहीतरी करतो. मग दुसरा मुलगा आत शिरून स्टिअरिंगखाली वाकतो. त्याच्या तोंडावर कसल्यातरी पडद्याचा निळा उजेड पडतो. थोड्या वेळाने हेडलाइट लागतात आणि गाडी शांतपणे निघून जाते, आपल्याच माणसाने नेल्यासारखी.

पंचनाम्याला आलेल्या हवालदारांनी ते पाहून लगेच ओळखलं. “ताई, हे तारा जोडून चालू करणारे नाहीत. हे चावी बनवणारे आहेत.” सर्व्हिस सेंटरवाले जिथे कॉम्प्युटर जोडतात त्या ओबीडी सॉकेटला यंत्र लावायचं आणि गाडीच्या मेंदूला नवी चावी ओळखायला लावायची. इमोबिलायझर आहे म्हणजे गाडी सुरक्षित, असं आपण समजतो. इमोबिलायझर अनोळखी चावीला अडवतो, पण त्याच्या यादीतच नवी चावी घातली की त्याला चोर आणि मालक सारखेच.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांची चोरी आणखी वेगळी. घरात दाराजवळ अडकवलेल्या चावीचा क्षीण सिग्नल एक जण यंत्राने उचलतो, दुसरा तो गाडीपाशी पोहोचवतो, आणि चावी जवळच आहे असं समजून गाडी उघडते. मॉलच्या पार्किंगमध्ये काही टोळ्या रिमोटचा सिग्नल जॅम करतात. आपण बटण दाबून निघून जातो, दार उघडंच राहतं. म्हणून लॉक केल्यावर हँडल ओढून बघायला हवं. जुन्या गाड्यांना तर हे काहीच लागत नाही, तिथे बनावट चावी किंवा सरळ टोइंगची गाडी. धुवायला, पार्क करायला किंवा गॅरेजला दिलेल्या चावीची नक्कल निघते, हाही प्रकार हवालदारांनी आवर्जून सांगितला.

चोरलेली गाडी लगेच लांब नेतातच असंही नाही. एखाद्या गर्दीच्या गल्लीत ती एक-दोन दिवस नुसती उभी करतात. जीपीएस असेल तर मालक किंवा पोलीस तिथे येतील. कुणी आलंच नाही तर गाडी पुढे जाते. पुढे एक तर तिचे सुटे भाग होतात, नाहीतर अपघातात पूर्ण मोडलेल्या त्याच मॉडेलच्या गाडीचे कागद घेऊन तिचा चेसिस नंबर हिच्यावर ठोकतात. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याने चेसिस नंबर आरसीशी ताडून बघावाच, आणि त्या जागी घासल्याच्या, वेल्डिंगच्या किंवा ताज्या रंगाच्या खुणा नाहीत ना, हेही. असल्या गाडीचे पैसे देणाराही शेवटी फसलेलाच असतो.

आता कागदांचं. फिर्याद कुणीही देऊ शकतं, पण आरसीवर ज्याचं नाव त्यानेच दिली तर पुढचे प्रश्न वाचतात. आम्ही बाबांनाच फिर्यादी केलं. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली नोंदला गेला. १ जुलै २०२४ पूर्वी हेच आयपीसीचं ३७९ होतं. नुसता अर्ज देऊन, शिक्का घेऊन घरी येऊ नका, एफआयआरची प्रत हवी. ती फिर्यादीला मोफत मिळते. ऑनलाइन कळवलं तरी तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआर वाचून मगच सही करायची. आमच्यात इंजिन नंबरचा एक आकडा चुकीचा टंकला गेला होता. बाबांनी चष्मा लावून आरसीशी एकेक अक्षर ताडलं म्हणून तो तिथेच सापडला. तो तसाच राहिला असता तर क्लेमच्या वेळी दुरुस्तीसाठी पुन्हा चकरा आल्या असत्या.

त्याच दिवशी विमा कंपनीला फोन आणि ईमेल, दोन्ही केलं. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की फिर्याद तातडीने दिली असेल, तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणाने खरा क्लेम नाकारता येत नाही. तरीही हा वाद अंगावर घेऊच नये. आरटीओला चोरीचं पत्र देऊन आवक शिक्का घेतला, म्हणजे आपल्या नकळत गाडी दुसऱ्याच्या नावावर चढत नाही. फास्टॅग बंद करण्याआधी टोलचे एसएमएस तपासले. आमच्या बाबतीत एकही आला नव्हता. बँकेलाही कळवलं. गाडी गेली तरी हप्ता थांबत नाही, हे अनेकांना माहीतच नसतं. हप्ते चुकवले तर सिबिल खराब होतं, आणि विम्याचे पैसे येतात तेही आधी बँकेचं कर्ज फेडून उरलेले.

यानंतर कंपनीचा इन्व्हेस्टिगेटर आला. त्याने सगळ्यात आधी दोन्ही चाव्या मागितल्या. आईने कपाटातून दुसरी चावी काढून दिली, शोरूमच्या प्लास्टिक टॅगसकट. एक चावी नसेल तर ती गाडीतच राहिली होती का, हा संशय येतो आणि निष्काळजीपणाचा मुद्दा उभा राहतो. चावी हरवली असेल तर त्याच वेळी पोलिसांत नोंद करून ठेवणं का गरजेचं, ते इथे कळतं. त्याने वॉचमन, शेजारी, दुकानदार सगळ्यांचे जबाब घेतले, सर्व्हिसची बिलं घेतली. बाबांना हे फार लागलं. गाडी आमचीच गेली आणि चौकशीही आमचीच. पण बनावट क्लेमही होतात, आणि आमच्याकडे सगळ्याचे कागद होते.

खरी अडचण पुढे होती. गाडी सापडली नाही, हे कंपनीला पोलिसांकडून आणि कोर्टाकडून लेखी हवं असतं. महाराष्ट्रात त्याला ‘अ समरी’ म्हणतात: गुन्हा खरा, पण आरोपी आणि माल मिळाला नाही. ‘ब’ म्हणजे फिर्याद खोटी. तपासी अंमलदार अहवाल करतात, तो वरून मंजूर होतो, मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. कोर्टाची नोटीस फिर्यादीला येते, हरकत आहे का विचारतात. मंजुरीनंतर नक्कल विभागात अर्ज करून आदेशाची प्रमाणित प्रत घ्यायची. यात महिने जातात. आमचे तपासी अंमलदार मध्येच बदलले आणि फाइल थांबली. तोंडी विचारपूस सोडून आम्ही दर वेळी लेखी अर्ज द्यायला लागलो, प्रतीवर शिक्का घेऊन. वरिष्ठ निरीक्षकांना शांतपणे भेटलो, बाबांनी सगळे अर्ज तारखेप्रमाणे टेबलावर मांडले आणि फाइल हलली.

शेवटी गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या आरटीओच्या फॉर्म २८, २९, ३० वर सह्या, आरसीवरची कर्जाची नोंद काढण्यासाठी फॉर्म ३५, मूळ आरसी, दोन्ही चाव्या, स्टँप पेपरवर हमीपत्र, आणि गाडी पुढे सापडली तर हक्क कंपनीचा असं लिहून देणारं पत्र. मिळते ती पॉलिसीवर लिहिलेली आयडीव्ही, म्हणजे घसारा वजा करून विम्यासाठी ठरवलेली गाडीची किंमत. ठरलेल्या तक्त्यात घसारा एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४०. दीड हजार सीसीवरच्या गाडीला २००० रुपयांची सक्तीची वजावटही असते. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी हप्ता कमी दिसावा म्हणून आयडीव्ही खाली आणू देऊ नका. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात तर चोरीचा एक रुपयाही मिळत नाही. क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, ती फेटाळली किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही तर विमा लोकपालांकडे जाता येतं. त्याला शुल्क नाही, आणि त्यांचं कार्यालय पुण्यातही आहे.

नवी गाडी घेतली तेव्हा विम्यात ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ घेतलं, म्हणजे गाडी चोरीला गेली तर घसारा न कापता बिलाची किंमत मिळते. ओबीडी सॉकेटवर लोखंडी कुलूपबंद झाकण बसवलं, गिअर लॉक लावला आणि जीपीएस ट्रॅकर डॅशबोर्डखालच्या नेहमीच्या जागी न लावता भलतीकडे लपवला. एआरएआय या वाहन तपासणाऱ्या संस्थेने मान्य केलेलं चोरीविरोधी उपकरण असेल तर विम्याच्या ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यात अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सूट मिळते, ती मागून घ्यावी लागते. चावी सिग्नल अडवणाऱ्या पाउचमध्ये राहते. पाउच चालतो का हे चावी आत ठेवून गाडीच्या हँडलला हात लावून तपासलं. पहिला आणलेला पाउच निकामी निघाला, दार सरळ उघडलं. तो परत करून दुसरा घेतला.