साका अपडेट: गवताची ओळ पास, सड्याकडची नापास

साका म्हणजे हापूस आंब्याच्या गरात कोयीजवळ होणारा बिघाड, तो झाडाखाली गवत अंथरून कमी होतो का हे यंदा दोन ओळींत बघत होतो. मागच्या वेळी म्हटलं होतं की काढणी संपल्याशिवाय गवताच्या ओळीबद्दल काही बोलणार नाही. काढणी संपली, आता बोलतो. गडग्याकडच्या (दगडी कुंपणाकडच्या) ओळीत बुंध्याजवळची थोडी जागा सोडून पार सावलीच्या बाहेरपर्यंत गवत अंथरलं होतं, तिथल्या फळात साका अगदी किरकोळ. सड्याकडची, म्हणजे कातळाच्या उघड्या पठाराकडची, बिनगवताची ओळ, तीच कलमं, तेच खत, तीच फवारणी, आणि मेच्या मधल्या तोडीत कापलेलं दर तिसरं-चौथं फळ गेलेलं.

एप्रिलचा माल दोन्हीकडचा झकास होता म्हणून मी निवांत होतो. मग पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने व्हॉट्सअॅपवर कापलेल्या फोडीचा फोटो टाकला, खाली नुसतं प्रश्नचिन्ह. पेटी बदलून दिली, पण डोकं गेलं ते गेलंच, कारण करपा बाहेरून दिसतो, फळमाशीचा डंख नीट बघितलं तर दिसतो, साक्याचं काय करणार? रंग तोच, वास तोच, आणि सुरी कोयीपर्यंत गेली की फिकट पांढुरकी, भोकाभोकांची, आंबट गाभूळलेली जागा. त्या रात्री उघड्या ओळीतलं बाजूला काढलेलं एक क्रेट अंगणातच कापत बसलो. साका असलेल्या फळांच्या कोयीही फोडल्या, तर काहींच्या आतल्या बीचं टोक सुटल्यासारखं झालेलं, म्हणजे झाडावर असतानाच तिला रुजायची घाई लागलेली. बंगळुरूच्या फलोद्यान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मांडलेलं कारण जवळपास हेच आहे, की फळ पिकायच्या आधीच बी रुजायच्या तयारीला लागते आणि भोवतीचा गर नीट पिकतच नाही. वाचलं होतं आधीही, पण हातात कोय धरून बघितल्यावर पटलं.

आता यात उन्हाचं काय? जमिनीतून वर येणारी धग साका वाढवते आणि आच्छादन केलं की तो कमी होतो, हे जुनं निरीक्षण आहे, आणि देवगडच्या कातळावर ज्याने मेमध्ये दुपारी अनवाणी पाय ठेवलाय त्याला वेगळं सांगायला नको. तापमान मोजायची ती पिस्तुलासारखी गन घेतली होती (स्वस्त आहे, घ्या, या छंदात मी केलेला सगळ्यात बरा खर्च). दुपारी दोनला उघडा कातळ ५५ अंशांच्या पुढे, गवत बाजूला करून खालची माती ३५ च्या आसपास. सड्याकडच्या कलमांच्या खालच्या फांद्या कातळापासून हातभर वर, आणि सगळ्यात जास्त साका त्याच फांद्यांच्या फळांत. वरच्या शेंड्याची फळं त्या मानाने बरी निघाली.

मग सगळीकडे गवत का नाही घालत, असं कोणीतरी विचारणारच. एक तर वाळवी. गवत खोडाला टेकलं की ती साल धरते, म्हणून बुंध्याभोवतीची ती जागा मोकळी ठेवावीच लागते. आणि दुसरं वणवा, ज्याच्या भीतीने मार्च-एप्रिलमध्ये झोप लागत नाही. सड्यावरून एक ठिणगी आली तर सुकं गवत म्हणजे आपणच रचून ठेवलेली होळी. गडग्याकडच्या ओळीला गडगा आहे, पलीकडे पायवाट आहे, तिथे जमलं. सड्याकडे आधी जाळरेषा (आग अडवायला मोकळा केलेला पट्टा) काढायला हवी, गडी मिळाले तर. भाताचा पेंढा वापरू नका, गुरं गडगा ओलांडून येतात, अनुभव आहे.

पिशव्यांचं पण सांगतो. दापोली कृषी विद्यापीठाची शिफारस २५ बाय २० सेंटिमीटरच्या कागदी पिशवीची आहे, फळ अंड्याएवढं व्हायच्या सुमाराला घालायची. वर्तमानपत्राच्या घरी केलेल्या घातल्या आणि ऑनलाइन मागवलेल्या ब्राऊन पण घातल्या. ऑनलाइनवाल्यांचा गोंद दवाने सुटला, तार इतकी पातळ की वाऱ्याला पिशवी फिरून देठच पिळवटलं. वर्तमानपत्रवाल्या टिकल्या! पिशवीतली फळं डागाशिवाय, फळमाशी नाही, रंग मात्र जरा फिका पिवळा, काही गिऱ्हाइकांना तो आवडत नाही. साका पण कमी वाटला, पण पिशव्या मी गडग्याकडेच जास्त घातल्या होत्या, त्यामुळे श्रेय गवताचं की कागदाचं हे यंदा सुटत नाही. पुढच्या वर्षी सड्याकडे नुसत्या पिशव्या, गवत नाही, म्हणजे कळेल.

तोडणीबद्दल आमचे शेजारचे बापू एकच वाक्य बोलतात, "अरे, साको सांगान येता काय?" आणि स्वतः मात्र फळ चौदा आणे तयार झालं की झेला (आंबे तोडायची जाळीवाली काठी) लावतात, एक दिवस इकडे नाही तिकडे नाही. त्यांचं बरोबर आहे. देठाकडे खांदे भरले, देठाच्या जागी खळगा पडला की काढायचं, झाडावर पाड (पिकायला लागलेलं फळ) दिसायची वाट बघायची नाही. मोठं फळ हावरटपणे ठेवलं तर तेच आधी जातं. आणि काढलेलं फळ कातळावर ठेवायचं नाही, सकाळी लवकर तोडून थेट सावलीत. झेला दापोलीचा नूतनच वापरतो, बाजारातल्या कॉपीचं पातं वाकडं लागतं, देठ तुटतं आणि चीक फळावर सांडतो.

आता जमिनीचं, कारण बऱ्याच जणांनी विचारलंय. शेजारच्या सड्यावरचा एकरभर तुकडा विकायला आहे, सात-बारा बघितला, फेरफार काढले. इतर हक्कात जुन्या कुळाचं नाव आहे, आणि मालक म्हणून भावकीतली इतकी नावं की अर्धी मुंबईत, काही हयात नाहीत, वारस नोंद नाही. ते सगळं मिटल्याशिवाय टोकन पण देणार नाही. (ज्यांच्या नावावर शेतजमीन नाही त्यांनी आधी कुळवहिवाट कायद्याचं कलम ६३ वाचावं, एजंट काहीही सांगतात.) आणि ती गुंठ्याने आमराई विकणारी जाहिरात? एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर, दहा बाय दहा मीटरवर लावलं तर बरोब्बर एक हापूस. "गुंठ्यात चार झाडं" म्हणजे पाच बाय पाच, मग दरवर्षी छाटणीची करवत कोण चालवणार ते पण विचारा. हिशोबात धरण्याजोगं उत्पन्न यायला दहा वर्षं जातात ती वेगळीच.

माझा विचार होता की तुकडा मिळाला तर कातळ फोडून, मीटरभर खड्डे, बाहेरची माती भरून चाळीस हापूस. पण वरचं सगळं लिहिता लिहिताच वाटतंय की हे मी कशासाठी करतोय? ज्या सड्याने यंदा मला रडवलं त्याच सड्यावर अजून चाळीस झाडं, ती पण उघडी, वाऱ्याच्या आणि वणव्याच्या तोंडी. त्यापेक्षा तिथे रत्ना का नाही? नीलम आणि हापूसचा संकर, दापोली विद्यापीठाचाच, साका होत नाही हीच त्याची मोठी खूण, आणि वर्षाआड रुसत पण नाही. अडचण एकच, हापूसच्या नावाला जो भाव आहे तो रत्नाला नाही. २०१८ मध्ये मिळालेलं जीआय (भौगोलिक मानांकन) हापूसचं आहे, रत्ना त्या नावाखाली विकता येत नाही, विकूही नये. पण माझा माल थेट ओळखीच्या गिऱ्हाइकांना जातो, वाशीच्या घाऊक बाजाराला नाही, त्यांना एकदा रत्ना खाऊ घातला तर? पुण्याच्या त्या प्रश्नचिन्हवाल्यापासून सुरुवात करतो.

म्हणजे आता ठरलं ते असं की खाडीकडच्या उतारावर, जिथे माती आहे आणि दुपारनंतर सावली पडते, तिथल्या रिकाम्या जागा हापूसने भरायच्या. सड्याच्या तुकड्याचा सात-बारा साफ झालाच तर वाऱ्याच्या बाजूला काजूची रांग, आत रत्ना. कलमं विद्यापीठाच्या रोपवाटिकेतूनच, कारण मागे एका खाजगी नर्सरीतून आणलेल्या "हापूस"ना रायवळाची (गावठी आंब्याची) फळं लागली, ते रामायण इथे सांगून झालंय. अर्का साका निवारक हे साक्यावरचं फवारणीचं औषध पण एका झाडावर मारून बघायचंय, ज्यांनी वापरलंय त्यांनी कधी मारलं आणि मेच्या मालात काय दिसलं ते सांगा. आणि कोणाकडे कातळावर वाढलेली रत्नाची मोठी झाडं असतील तर मे अखेरची फळं कापून कोयीजवळचा गर बघून ठेवा, मला तेवढंच हवंय, चव नंतर.