कमरेला बसेल असं रिव्हॉल्व्हर (माझा अनुभव)

आमचं विट्यात सोन्याचांदीचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. आमच्या भागात घरटी कोण ना कोण गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या धंद्यात, कोण केरळात, कोण दिल्लीत, कोण कोलकात्यात, त्यामुळं अंगावर माल घेऊन फिरणं आम्हाला नवीन नाही. पण २०२२ च्या पावसाळ्यात माझ्या चुलतभावाला रात्री दुकान बंद करून घरी जाताना दोघांनी अडवलं, बॅग ओढली आणि डोक्यात रॉड घातला, अठरा टाके पडले. बॅगेत त्या दिवशी हिशोबाच्या वह्या आणि जेवणाचा डबा एवढंच होतं. दवाखान्यात वहिनी मला म्हणल्या, "भावजी, आता तुमचा नंबर लागायच्या आत काहीतरी करा." त्याच आठवड्यात मी हत्याराच्या लायसन्सचा अर्ज करायचं ठरवलं.

लायसन्सचं थोडक्यात सांगतो कारण त्यावर बोलायला सगळेच तयार असतात. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं, म्हणजे आम्हाला सांगलीला विजयनगरला जावं लागतं. फॉर्म ए-१, तीन वर्षांचे रिटर्न, जीएसटीचे कागद, भावाच्या केसचा एफआयआर, शरीर आणि मन दोन्ही ठीक असल्याचं डॉक्टरचं सर्टिफिकेट, हत्यार सुरक्षित हाताळायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट. मग पोलिसांची चौकशी, शेजाऱ्यांचे जबाब, घरात तिजोरी आहे का, पोरं किती, बायकोला माहिती आहे का हे सगळं विचारलं आणि मला ते विचारणं योग्यच वाटलं. एका ऑफिसात फाईल अडीच महिने जागेवर पडून होती, आधारवर आणि सातबाऱ्यावर वडिलांच्या नावात एका वेलांटीचा फरक होता म्हणून, पण कुणी कळवलंच नाही, मी स्वतः जाऊन विचारलं तेव्हा कळलं. त्यामुळं अर्ज करणाऱ्यानं आधी सगळ्या कागदांवरची नावं जुळवून घ्यावीत. सव्वा वर्षानं लायसन्स हातात आलं, पाच वर्षांसाठी. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीआधी तीन वर्षांचं असायचं.

आता खरा विषय. घ्यायचं काय?

माझा भाचा पुण्यात इंजिनियरिंगला, तो रोज अमेरिकेतले व्हिडिओ पाठवायचा, मामा हे बघा, मामा ते बघा. तिकडं खिशातलं रिव्हॉल्व्हर म्हणजे पाच गोळ्यांचं .३८, स्मिथ अँड वेसननं १९५० ला काढलं तेव्हापासून तीच पद्धत चालत आली. बघायला छान आहे, पण आपल्याला त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण .३८ आणि ९ एमएम आपल्याकडं प्रोहिबिटेड बोअरमध्ये, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेल्या नळीच्या मापात येतं. सामान्य माणसाला कमरेला लावायचं म्हणलं की मुख्य पर्याय .३२ नाहीतर .२२. .३२ ची गोळी साधारण ९८ ग्रेनची, म्हणजे सहा ग्रॅमच्या थोडी वर, मी सोनारकाम करणारा माणूस, मला ग्रॅममध्ये सांगितलं की लगेच हातात वजन येतं. काडतुसाच्या बुडावर केएफ लिहिलेलं असतं ते म्हणजे आपल्या खडकीची फॅक्टरी.

पिस्तूल की रिव्हॉल्व्हर यात मी वेळ घालवला नाही. पिस्तूल चपटं असतं, शर्टाखाली कमी फुगतं, हे खरं आहे. पण गोळी फुटली नाही तर पिस्तुलाची स्लाईड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, ओढायला दुसरा हात लागतो, रिव्हॉल्व्हरला परत ट्रिगर दाबला की गोळ्यांची चक्री फिरून पुढची गोळी समोर येते. माझ्या एका हातात बॅग असणार, त्यामुळं मला एका हाताचंच हत्यार पाहिजे होतं.

मग वजनाचा प्रश्न आला. सगळे म्हणायचे जितकं हलकं तितकं चांगलं. २०१४ ला आलेलं निर्भीक, टायटॅनियम अलॉयचं .३२, अर्ध्या किलोच्या आसपास. निडर म्हणून .२२ आहे ते फक्त २५० ग्रॅमचं. आणि २०२३ च्या ऑगस्टला कानपूरहून प्रबल आलं, ते ६७५ ग्रॅम, गोळ्या सोडून. मी तर मनात २५० वालं धरूनच बसलो होतो.

पण म्हणलं नुसतं बोलण्यापेक्षा वजन करून बघू. दुकानात मापं आहेतच. अर्धा किलोचं पितळी माप जाड रुमालात गुंडाळलं, जुन्या मोबाईलच्या चामडी पाऊचमध्ये घातलं आणि पट्ट्याला उजव्या बाजूला लावून आठवडाभर फिरलो, गादीवर मांडी घालून बसलो, तासगावला गाडीवर जाऊन आलो, जेवलो, उठलो बसलो. पहिल्याच दिवशी पँट त्या बाजूनं खाली यायला लागली, दर दहा मिनिटांनी हात कमरेला, आणि गिऱ्हाईक बघतंय हे मला दिसत होतं. सारखा हात जातोय म्हणजे तिथं काहीतरी आहे हे कुणालाही कळतं, मग लपवायचं काय राहिलं. मला वाटलं अर्धा किलो जास्त झालं, पाव किलोच बरं.

गुरुवारी बाजारातल्या चांभारकाकांकडं पाऊच शिवायला गेलो तर ते म्हणले, "शेठ, वजनाचा दोष नाही, तुमचा पट्टा पातळ आहे." त्यांनी दुहेरी चामड्याचा, दीड इंच रुंद पट्टा करून दिला, मधून शिवलेला. त्यावर तेच माप लावलं तर जागचं हललं नाही. मग मी २०० ग्रॅमचं माप त्यात वाढवलं, सातशे झालं, तरी तिसऱ्या दिवशी दुपारी मी ते कमरेला आहे हे विसरून गेलो होतो. हे ज्याला ज्याला घ्यायचंय त्यानं घरी करून बघावं, खर्च फक्त पट्ट्याचा.

कोल्हापूरला एका शस्त्र विक्रेत्याकडं गेलो तेव्हा हे डोक्यात होतं. त्यांनी तिन्ही प्रकार समोर ठेवले, प्रत्येक रिकामं आहे हे आधी स्वतः बघितलं, मग मला बघायला लावलं. सगळ्यात लहान हातात घेतलं तर माझा पंजा मोठा, करंगळी मुठीच्या खाली लोंबत होती, दोनच बोटांनी धरल्यासारखं झालं. हलक्या हत्याराचा धक्का हातालाच बसतो, कारण तो पचवायला हत्याराचं वजनच नसतं. ट्रिगर ओढताना समोरच्या कॅलेंडरवरच्या एका तारखेवर नजर धरायला सांगितली. दोन हलक्या रिव्हॉल्व्हरना माझी नळी दर वेळी खाली जात होती, शेजारच्या रकान्यात. ६७५ ग्रॅमवाल्याला तारखेवर राहिली. शिवाय त्याची चक्री बाजूला उघडते, अंगठ्यानं ढकललं की सहाही घरं डोळ्यासमोर, रिकामं आहे की भरलेलं याची शंकाच राहात नाही. घरात दोन पोरं असलेल्या माणसाला एवढी एक गोष्ट पुरे. कंपनी ५० मीटर रेंज सांगते, पण आपल्याला पाच-सात पावलांच्या पुढं त्याचं काम पडू नये हीच इच्छा. तेच घेतलं.

होल्स्टरही चांभारकाकांनीच केलं, ट्रिगर पूर्ण झाकणारं, आणि दुकानात मी कायम शर्ट बाहेर सोडलेला. हे फॅशन म्हणून नाही. आर्म्स रूल्स २०१६ मध्ये स्पष्ट आहे की सार्वजनिक जागी हत्यार होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलं पाहिजे. आपल्याकडं लग्नात, वाढदिवसाला मूठ दिसेल असं लावून फिरणारे बघितले की मला फार राग येतो. मागच्या वर्षी एका मित्राच्या पोराच्या वरातीत मला दोघं-तिघं म्हणले, "शेठ, एक बार होऊन जाऊ दे." मी तिथून जेवायचं सोडून निघून आलो. आनंदात केलेल्या फायरिंगला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे हे तर आहेच, पण वर गेलेली गोळी कुणाच्या तरी पत्र्यावर नाहीतर डोक्यावर खाली येते.

रेंजवर नेऊन पहिल्या सहा गोळ्या झाडल्या तेव्हा दोनच कागदावर लागल्या. आता सहातल्या पाच लागतात, सात मीटरवर. रात्री घरी आलो की चप्पल काढायच्या आधी चक्री उघडून राऊंड वेगळे आणि रिव्हॉल्व्हर तिजोरीत, चावी माझ्या गळ्यातल्या दोऱ्यात.

घेतलं आणि महिन्याभरातच, २०२४ च्या मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, मला हत्यार पोलिसांकडं जमा करायची नोटीस आली, ते जूनमध्ये परत मिळालं. त्यावर्षीच्या दसऱ्याला आईनं तराजू, मापं, फुंकणी यांच्या शेजारी ते रिकामं ठेवून हळदकुंकू वाहिलं, आपट्याची पानं ठेवली. तीनच दिवसांनी विधानसभेची आचारसंहिता लागली आणि परत नोटीस. मुठीच्या खाचेत कुंकू अडकलं होतं, ते दात घासायच्या जुन्या ब्रशनं काढलं, पुसलं, पोलीस स्टेशनला नेऊन दिलं आणि पावतीवरचा नंबर लायसन्सवरच्या नंबराशी दोनदा ताडून बघितला.