स्कोअर कुठं जातो?

बुधवार, रात्री उशिरा

"सर, स्विंग तर एक नंबर आहे तुमचा. मग स्कोअर कुठं जातो?"

टोमणा असता तर परतवला असता. पण कॅडी, म्हणजे गोल्फची बॅग वाहणारा पोरगा, विशीतला, बॅग गाडीत ठेवता ठेवता त्याने सहज विचारलं, महिनाअखेरीला घरात पगार कुठं जातो म्हणून विचारतात तसं. मी हसलो, त्याचे पैसे दिले, निघालो. टेंभुर्णी मागे पडली तरी डोक्यात तेच. शनिवारची, पुण्यातल्या गोल्फ कोर्सवरची गोष्ट आहे ही. आज बुधवार, आणि अजून तेच चाललंय.

वकीलसाहेबांना फोनवर सांगितलं तर त्यांनी फक्त पहिलं वाक्य ऐकलं. "बघा, तुमच्या स्विंगला पुण्यातही मानतात!" हो, मानतात. कौतुक खोटं नव्हतं, आणि मला तेच खातंय.

परवा रात्री जेवण झाल्यावर स्कोअरचं कार्ड घेऊन बसलो. एकूण 106 फटके. पार, म्हणजे अपेक्षित फटके, 72. म्हणजे 34 जास्तीचे. जो तो सांगतो, फटके ग्रीनवर, होलभोवतीच्या गुळगुळीत गवतावर, वाया जातात, पटिंग (तिथला चेंडू घरंगळवायचा हलका फटका) सुधारा. पार काढताना प्रत्येक ग्रीनवर पटिंगचे दोन फटके धरलेले असतात, 18 होलचे 36. माझे झाले 41. हॉलमधल्या शहाबादी फरशीवर रात्री फुलपात्र आडवं ठेवून पट मारतो, फरशीचा उतार मोरीकडे, त्यामुळे प्रत्येक चेंडू शेवटी मोरीत, तरीही 41. म्हणजे तिथं जास्तीचे फक्त 5. उरलेले 29 कुठं गेले?

ड्रायव्हरने, म्हणजे पहिल्या लांब फटक्याच्या काठीने? नाही. टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून, दोन-तीनच चेंडू उजवीकडे झाडांत गेले. बाकीचे असे गेले की मागे थांबलेले लोकही बघत होते. (ते बघतायत हे मला कळत होतं, हेही इथं लिहून ठेवतो.) मग दुसरा फटका. हातात सेव्हन आयर्न, मधल्या अंतराची लोखंडी काठी, चेंडू जरा उतारावर, आणि चेंडूच्या आधी माती. ढेकूळ पुढे आणि चेंडू त्याच्या मागे. पुन्हा तेच. मग ग्रीनच्या काठावरून चिप, म्हणजे छोटा उचललेला फटका, तीही पलीकडे. बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, दोनदा बाहेर यायचं राहिलं. ड्रायव्हरचा दोनशे यार्डांचा फटका एक आणि हा वीतभर सरकलेलाही एकच. कार्डाला फरक कळत नाही.

मला कळायला हवा होता का? कसा कळणार? इथं गावात माझ्या वाट्याला गच्ची आहे. चार पावलांवर जाळी, तिच्यामागे आईच्या लग्नातली जुनी सोलापुरी चादर, तिच्यावर मोर. उन्हाळ्यात सूर्य उगवायच्या आत, कारण नंतर स्लॅबवर पाय ठेववत नाही. मोराला चेंडू लागला की चादर एकदा फुगते, चेंडू खाली पडतो, आणि मनाला बरं वाटतं. चार पावलांत उजवीकडे वळणारा स्लाइस आणि सरळ फटका सारखाच दिसतो. आणि सरावाची मॅट तर पक्की लबाड. काठी चेंडूच्या दोन बोटं मागे टेकली तरी मॅटवरून घसरून पुढे येते, चेंडू टणकन उडतो. गवतावर तीच काठी मातीत रुतते. मॅट प्रत्येक चूक पोटात घालते, आईसारखी. नको, आईला यात नको ओढायला. तिच्यासाठी पुणं सोडलं तेव्हा किट विकायला काढलं होतं, गिऱ्हाईकही आलं होतं. असो.

पुण्यातल्यांचं बरं असतं. दर रविवारी खेळतात, सोमवारी चुका विसरतात. हँडिकॅप, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणारा आकडा, काढताना शेवटच्या 20 कार्डांतली चांगली 8 धरतात, बाकीची सोडून देतात. किती दयाळू नियम! पण त्या दयेला पोचायला 20 कार्डं तर हवीत? माझी 20 होईपर्यंत गुडघा कितपत साथ देतोय कोण जाणे. गावात कुणाशी बोलायचं तरी कुणाशी. क्रिकेटचं बोला, पार्कवर शंभर माणसं उभी राहतील. मी चिपिंगबद्दल बोललो की समोरचा बटाट्याचे चिप्स समजतो.

हे सगळं काल संध्याकाळपर्यंतचं रडगाणं. काल एक केलं. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर गेलो, देवघरातली रांगोळी घेऊन. काळी माती, वरून सुकलेली, बोट दाबलं की भुरभुरणारी. तिच्यावर रांगोळीची एक सरळ रेघ ओढली. चेंडू नाहीच. रेघ म्हणजे चेंडू असं धरायचं आणि सेव्हन आयर्न फिरवायचं. आयर्नचा घाव रेघेवर किंवा रेघेच्या पुढे लागायला हवा. माझा घाव रेघेच्या चार बोटं मागे. पुन्हा मारला, चार बोटं मागे. स्विंग सुंदर, खांदा पूर्ण वळलेला, शेवटी पट्ट्याचं बक्कल समोर आणि काठी खांद्यामागे, फोटो काढावा असा. आणि माती सांगत होती, मागे, मागे, मागे. हे 29 तिथं होते, शेजारच्या प्लॉटवर, एवढी वर्षं.

मग हात छातीच्या वर नेलेच नाहीत. वजन आधीच डाव्या पायावर ठेवलं, काठी अर्ध्यातून आणली आणि शेवट तसाच अर्धवट सोडला. घाव रेघेच्या पुढे! पुन्हा, पुढे. रांगोळी उडाली ती माझ्या चपलेवर.

गेटपाशी उभा राहून बघणारा शेजारचा पोरगा म्हणाला, "काय की काका, कुदळ मारताय?"

बरोबर होतं त्याचं. दिसतच होतं तसं. अमेरिकन गोल्फर जिम फ्युरिकचा स्विंगही कुणी शिकवण्यासाठी दाखवत नाही, वर जाताना काठी एका वाटेने आणि खाली येताना वळसा घेऊन भलत्याच वाटेने. त्याच माणसाने 2003 ला यूएस ओपन जिंकली आणि 2016 ला एका फेरीत 58 मारले, पीजीए टूरवर, अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांत, त्याहून कमी कुणी मारलेले नाहीत. त्याच्या कॅडीला स्कोअर कुठं जातो हे विचारायची वेळ आली नसावी.

हे कळल्यावर हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. अर्ध्या स्विंगने स्कोअर शंभराच्या आत येईलही, पण "एक नंबर" म्हणणार नाही कुणी. मला यातलं नक्की काय हवंय हे आज रात्री तरी सांगता येत नाही. काल कार्ड हवं होतं. आत्ता गच्चीवर एक चक्कर मारली तर अंधारातही हात सवयीने पूर्ण वर गेले, आणि काय छान गेले!

हिने आल्या आल्या विचारलं, रांगोळीचा डबा अर्धा कसा झाला. सांगितलं. जरा थांबून म्हणाली, "अहो, मग पुढच्या वेळी तोच कुदळीचा मारा की, कशाला विचार करताय एवढा."

मारणार आहे. फेअरवेवर, उतारावर, काठावर, सगळीकडे कुदळच. पण पहिल्या टीवर, जिथं मागचे लोक रांगेत उभे असतात, तिथं जुनाच. तेवढा एक.